मोजे

अंबडच्या कंपनीत मी मोजतो.
शाफ्ट येतात, बेअरिंगची कडी येतात,
मायक्रोमीटर फिरवायचा, टिक् टिक् ऐकायचं,
दोन शतांशापुढे गेलं की माल लाल पेटीत.
एकोणीस वर्षं झाली.
माझ्या हाताला चूक माहीत नाही,
असं मी पाहुण्यांत सांगायचो.

आणि घरी, सिडकोत, सकाळी साडेसहाला
जुई पलंगाच्या कडेवर बसलेली,
एक मोजा पायात, एक हातात.
दहा मिनिटांनी बघावं तर
एक पायात, एक हातात.
"अगं, घाल ना."
"घालतेय."
घालत नसते. पण खोटंही बोलत नसते.
आत कुठेतरी घालणं सुरू झालेलं असावं,
अजून पायापर्यंत आलेलं नसतं.

बरं झालं नाव दोन अक्षरी ठेवलं, तिची आई म्हणते.
त्यातही ज चं पोट उलट्या बाजूला फुगतं,
उकाराला जागा उरत नाही,
आणि ई ओळ सोडून खाली उतरते
नदीवर निघाल्यासारखी.
नऊ वर्षांची आहे.
दूध ओतते ते पेल्याच्या शेजारी.
धांदरट हा शब्द आमच्या घरात
मी आणला. कबूल आहे.

मग यादी केली, रंगीत, फ्रिजवर चिकटवली:
दात, अंघोळ, गणवेश, मोजे, बूट, डबा, दप्तर.
तिने ती मोठ्याने वाचली, एकही शब्द न अडखळता,
आणि तिथेच उभी राहिली.
"बाबा, यातलं आत्ता कोणतं?"
"पहिलं!" माझा आवाज चढला होता.
"ते झालंय की नाही, ते कुठे लिहिलंय?"
नव्हतं लिहिलेलं.

गंगापूर रोडला निरगुडे मॅडमकडे
तिच्याआधी मलाच खुर्चीत बसवलं.
एकावर एक दोन जोड हातमोजे दिले,
म्हणाल्या, शर्टाची बटणं लावा, फक्त डाव्या हाताने,
आणि शंभरातून सात-सात वजा करत राहा.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
एकोणऐंशीला दुसरं बटण तिसऱ्या काजात,
कोपराने चहा उलथला, पुढचा आकडा गेला तो गेलाच.
जुई हसली नाही.
फडकं आणायला उठली,
आणि वाटेत खिडकीशी थांबली,
कशासाठी उठलो ते विसरून.
"आता कल्पना करा," मॅडम म्हणाल्या,
"मी मागे उभी राहून ओरडतेय: बस सुटेल, बस सुटेल."

स्कूटरवर माझ्या पाठीला गाल लावून ती म्हणाली,
"माझ्या डोक्यात सगळे एकदम येतात.
रांगच लावत नाहीत."
त्र्यंबक नाक्याचा सिग्नल हिरवा झाला
तरी मी उभाच. मागून हॉर्न.

रविवारी पांडवलेणीला गेलो.
चढली. दर दहा पायऱ्यांनी मी कुठली सांगत होते
असं विचारत, पण चढली.
उतरताना मात्र अडली.
पाय पुढे, पाय मागे, पुन्हा पुढे,
कॉलेजची पोरं बाजूने धडधडत गेली.
मग ती सरळ खाली बसली
आणि बसूनच उतरू लागली,
हात टेकायचे, घसरायचं, थांबायचं.
"ऊठ, लोक बघतायत"
जिभेवर आलं होतं.
काय झालं सांगता येत नाही. मीही बसलो.
दगड गार होता, वरून दिसायचा त्याहून उंच.
एक पायरी ती, एक मी.
शर्ट-पँट सगळं मातीने माखलं.
"आईला काय सांगायचं गं?" मी विचारलं.
ती पुढच्या पायरीकडे बघत होती,
तिथे आधी डावा हात ठेवला, मग उजवा.
"थांब ना बाबा," म्हणाली,
"आधी खाली तर पोचू."