मचूळ

रिसॉर्टमधल्या तळ्यांचं पाणी मी सांभाळतो.
पहाटे साडेचारला, पाहुणे उठायच्या आत,
पट्टी बुडवतो, रंग जुळवतो, वहीत लिहितो :
क्लोरीन इतकं, आम्ल इतकं, खाली सही.
किनाऱ्यावरची वाळू बाहेरून आणलेली,
माडही बाहेरून.
मीसुद्धा, म्हणा.

तीन वर्षं बहारीन म्हणजे मला
स्टाफच्या बसची खिडकी
आणि ऊन येऊ नये म्हणून
तिच्यावर डकवलेला काळा कागद.
त्याच्या एका फाटक्या कोपऱ्यातून
रोज दिसायचा एक पूल
आणि पुलाखाली गुडघाभर पाण्यात
स्वस्थ उभा असलेला कुणीतरी.

सुट्टीच्या दिवशी मुदस्सर म्हणाला, मॉलला चल, एसी आहे.
मी उलट दिशेची बस धरली.

नबीह सालेह. केवढंसं बेट !
काळे झेंडे, निळे दरवाजे,
भट्टीतून निघालेली परातीएवढी रोटी
आणि ती वर्तमानपत्रासारखी घडी घालून
काखेत मारून निघालेलं पोर.
दाराशी बसून हाजी मक्की तारेचा पिंजरा विणत होते,
मासे धरायचा, घुमटासारखा.
आमच्या खोईनीचा हा श्रीमंत भाऊ.
'किदर जाता, सदीक ?'
काय सांगणार ? तोंडातून निघालं, 'पाणी बघायला.'

म्हातारा इतका हसला की पक्कड खाली पडली.

मग ऐन दुपारी त्यांनी मला ऐन दाखवली.
त्यांच्या भाषेत ऐन म्हणजे झरा,
आणि ऐन म्हणजे डोळाही.
दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या, तळाशी काही नाही.
एक बाटली. तिसऱ्या पायरीवर मांजर.
'इथं नवरदेवाला न्हाऊ घालायचे,' हाजी म्हणाले,
'मलाही. पाणी इतकं गार की मी ओरडलो,
आणि बायका पलीकडून हसल्या.
त्यातली एक तीच होती.'
मांजराने कान हलवला.

ओहोटी लागली तसे ते उठले. चप्पल काढ, म्हणाले.
कांदळाच्या मुळ्यांतून, चिखलातून आम्ही चालत गेलो
पार समुद्राच्या आत.
त्यांचा बाप इथं पखाल घेऊन बुडी मारायचा,
खाऱ्या पाण्याच्या तळाशी झऱ्यावर तोंड धरायचा,
वर यायचा तो गोडं पाणी घेऊन.
समुद्राच्या पोटातून प्यायचं पाणी !
मी मान डोलावली. खरं सांगतो,
विश्वास नव्हता.

एका जागी ते थांबले. वाळूतून बारीक बुडबुडे येत होते,
खेकडा श्वास घेतो तेवढेच.
त्यांनी ओंजळ भरली, माझ्यापुढे धरली.
'हिलू ?'
गोड आहे का ?

खिशात पट्टी होती. मी काढली नाही.

कालावलच्या खाडीकाठी आमची विहीर आहे.
बांध फुटला त्या वर्षी आईने पोहऱ्यातून एक घोट घेतला,
थुंकला नाही, गिळला,
आणि म्हणाली, 'मचूळ झालां.'
एवढंच. मग कळशी घेऊन वरच्या वाडीला निघाली,
ती अजून जातेच आहे.
मी निघालो तो इथं पोचलो.

मक्कींच्या ओंजळीतलं पाणी मी प्यालो.
खारं नव्हतं.
गोडं म्हणवेना.
'मचूळ,' मी म्हणालो.
'मच्चूल,' त्यांनी म्हणून पाहिलं,
एखाद्या माशाचं नाव असावं तसं, दोनदा.
मग उरलेलं स्वतः प्याले
आणि डोळे मिटून ठामपणे म्हणाले, 'हिलू.'
त्यांचं पाणी. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी
खांदे भाजलेल्या एका बाईंनी विचारलं,
इथं या किनाऱ्याखेरीज बघण्यासारखं काय आहे ?
माझ्या हातात पट्टी होती, अजून रंग धरत होती.
आहे, म्हटलं, पुलापलीकडे.
पण चप्पल हातात घ्यावी लागेल.