टिपायचं असतं

मे महिना. अक्कलकोट रोडचं कार्यालय.
वधूच्या खोलीत सकाळी आठलाच
भिंत हाताला गरम लागते.
आत आल्या आल्या मी कूलर बंद करते.
मावश्या ओरडतात, अगं, पोरगी भाजेल!
भाजू दे जरा.
बंद खोलीत कूलरचं पाणी हवेत जाऊन बसतं,
आणि हवेत पाणी असलं की
चेहऱ्यावर काहीच जागेवर राहत नाही.
खिडकी उघडा. पंखा असू द्या. मावश्या बाहेर.

पोरीचं नाव लावण्या. बोल्लींची थोरली.
वरच्या ओठावर मोहरीएवढे थेंब.
पदर तोंडाकडे नेते, मी मनगट धरते:
पुसायचं नाही. टिपायचं असतं.

सोडावाल्याकडचा बर्फ मलमलीत गुंडाळून
गालावरून फिरवते आणि थांबते.
थांबणं हेच निम्मं काम,
त्याचे पैसे कुणी देत नाही.
मग पातळ थर. वाळू दे. परत पातळ.
जाड लिंपलं की बारापर्यंत पापुद्रे धरतात,
विडी घरकुलातल्या भिंती धरतात तसे.

आत्या दारातूनच: एक शेड उजळ करा की ओ.
करते की. पण घाम आला की उजळपणा आधी पळतो,
मानेपाशी रेघ उरते,
आणि सासरचे नेमकी रेघच बघतात.
आत्या गप्प.
लावण्या आरशातून हसते. नाकाशेजारी घडी पडते.
तिथे मी जवळजवळ काही लावत नाही.
हसण्याच्या जागी काही टिकत नसतं.

क्लास केलाय मी. पुण्याला, एकवीस दिवस, एसीत.
तिथे सगळंच टिकायचं.
खरं शिकवलं अम्मानं. विड्या वळायची,
दिवसाला हजार.
टेंभुर्णीचं पान ओलं राहिलं तर काळं पडतं,
सुकलं तर मोडतं.
रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवायची
आणि सकाळी एक पान गालाला लावून बघायची:
दमट पाहिजे, ओलं नको.
बाकी मग बोटांचं काम, म्हणायची.
शनिवारी हप्ता आणायला जाताना पावडर लावायची,
कारखान्याच्या दारापर्यंत
गालांवर घामाच्या वाटा पडायच्या.
मी हसायचे.
आता कुणाच्याही गालावर तसली वाट दिसली
की माझा हात आपोआप स्पंजकडे जातो.
बसमध्येसुद्धा. बायका दचकतात.

बारा चाळीस. अक्षता पडल्या.
लाइट गेली, जनरेटर खोकून बंद पडला.
नवरदेवाचं कुंकू नाकापर्यंत उतरलं,
भटजींचा चष्मा घसरला,
लावण्याचा चेहरा होता तिथेच.
मी खांबाआड उभी, पाकिटातले पैसे
न मोजताच खूश.

तिचा बाप पॉवरलूमवर. जन्मभर टॉवेल विणले,
आणि आजच खांद्यावर टॉवेल नाही.
पांढराशुभ्र शर्ट, घड्या मोडलेल्या नाहीत.
घाम कुठे टाकावा त्याला कळेना.
ती पाया पडायला वाकली,
त्यानं मधेच उचलून धरली,
गाल छातीवर, घट्ट.
मी लांबून ओरडणारच होते,
घासू नको गं!
पण ओरडले नाही.

चार दिवसांनी तिच्या आईचा फोन.
वॉटरप्रूफ म्हणाला होता ते खरंय बघा,
शर्टावरून जाईना.
मी सांगितलं: घासू नका. भांड्याच्या साबणाचा
एकच थेंब, मऊ फडकं, हलक्या हातानं
नुसतं टिपत राहा.
मागे मागाची खडखड. तिच्यावरून त्याचा आवाज:
राहू दे म्हणावं तिला.
बरं, म्हणाले. आणखी काय म्हणणार?
पुढची नवरी खुर्चीत बसलेली, हनुवटीवरून धार,
आणि कुणीतरी परत कूलर लावलेला.