शेऱ्याच्या रकान्यात न मावलेलं

समितीच्या फॉर्मात शेऱ्याला दोन ओळी.
मी लिहिलं : क्रमांक दोन योग्य. वजन जास्त.
सही. शिक्का. रेवती रेंज, इंदूर.
बाकीचं हे.

पहिला माउंट देखणा होता.
काळा, मऊ, पाठीवर कंपनीचं नाव कोरलेलं,
एका खटक्यात निघायचा, एका खटक्यात बसायचा.
घेऊन आलेला पोरगा, कुणी चितळांगे,
खटका उघडून मिटून दाखवत होता
नवा लायटर दाखवावा तसा.
म्हटलं, भिया, निघतो छान,
परत तिथंच बसतो का ते सांग.
म्हणाला, सर, ब्रोशरमध्ये आहे.

रायफल ब्रोशर वाचत नाही.
दर गोळीला ती दोनदा हलते.
आधी मागे, तो धक्का खांद्याला ठाऊक असतो.
मग दुसरी गोळी ओढून घेत
बोल्ट पुढे येऊन आपटतो
आणि वरची दुर्बीण फेकली जाते
करकचून ब्रेक लागल्यावर
सिटी बसमधल्या उभ्या माणसासारखी.
माउंट म्हणजे त्या माणसाच्या मुठीतली दांडी.
दांडीवरचं नाव कोण वाचतं?

बाबांचं नंदलालपुऱ्यात चष्म्यांचं दुकान होतं.
गिऱ्हाईक काचांवरून भांडायचं,
जर्मन की जपानी, नंबर पाव की अर्धा,
आणि बाबा गरम वाळूत काडी धरून
कानामागचा बाक देत बसायचे.
काच देवाघरची असू दे रे,
नाकावरून घसरली की भिंत आणि दार एकच.
मी तेव्हा दहावी नापास. ऐकलं नाही.
ऐकू आलं पंचवीस वर्षांनी,
टॉर्कचा पाना हातात असताना.

तिसरा स्वस्त. ओतीव ॲल्युमिनियम.
रेलवर ठेवला तर खालून उजेड दिसायचा.
कॅन्टीनचं कुपन सरकवून पाहिलं. गेलं.
खरं तर तिथंच संपलं होतं,
पण ऑडिटला कुपन चालत नाही.
अकराव्या गोळीला स्क्रू गवतात.
अजून सापडलेला नाही.

आता दुसरा.
बोजड. खटका नाही, आडवे दोन नट,
खोक्यावर चित्रसुद्धा नाही.
रायफलवर झोडिनपुई, ऐझॉलकडची, बोलते कमी.
तिनं पाच गोळ्या मारल्या.
मी काढला, पुसला, पुन्हा ठेवला,
पुढे रेटून खाचेच्या भिंतीला टेकवला,
मगच आवळला. आधी आवळून मग रेटणारे
मी पुष्कळ पाहिलेत.
नटावरून रेलवर पांढऱ्या नेलपॉलिशची एक रेघ,
म्हणजे नट फिरला तर रेघ तुटेल.
बाटली बायकोची. तिला सांगितलेलं नाही.
पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा काढला.
असं पाचदा.
मे महिना, नळीला हात लावता येत नव्हता.
कागद उतरवून आणला :
तीस भोकं एका बशीखाली झाकतील,
पोह्यांच्या नव्हे, चटणीच्या.
झोडिनपुई म्हणाली, ठीक है, सर.
तिच्या तोंडून एवढं म्हणजे भाषण.

पहिल्याचा कागद मी मुद्दाम शेजारी ठेवला.
त्याच तीस गोळ्या, पण पाच घोळके,
दर खटक्याला थोडं दुसरीकडे,
भाड्याचं घर बदलत राहणाऱ्या बिऱ्हाडासारखे.

संध्याकाळी चितळांगे शेवेचा डबा घेऊन आला.
घेतला नाही.
नाही, खरं लिहितो, एक मूठ घेतली.
लवंगी शेव होती, जीभ पोळली,
क्रमांक बदलला नाही.

साहेबांनी विचारलं, एवढं वजन कोण वाहणार?
मी झोडिनपुईकडे बघितलं.
ती रायफल साफ करत होती,
दुर्बिणीला न धरता.

हे लिहिताना माझाच चष्मा घसरतोय.
डाव्या काडीचा स्क्रू ढिला, महिना झाला.
नंदलालपुऱ्यात त्या गाळ्यात
आता मोबाइलची कव्हरं मिळतात.