दोन किलोच्या आत

स्टेनून, हे पत्र तेकलेने लिहिलेलं नाही.
एरवी मी बोलते, नात ते फोनमध्ये घालते
आणि तुझ्या भाषेत बाहेर काढते;
मध्ये काय सांडतं, देव जाणे.
आज मीच लिहितेय, आमच्या गोल गोल लिपीत,
जिचं एक अक्षर तुला लागत नाही.
म्हणून तर धीर झाला.

त्या काळ्या वड्या मला आवडत नाहीत.

झालं. लिहिलं.
अकरा वर्षं घशाशी होतं.

वॉर्सॉच्या विमानतळावर, बर्फाने सगळे अडकले त्या रात्री
तू बाकावर सरकून मला जागा दिलीस,
पुडी फोडलीस, तळहातावर एक वडी ठेवलीस.
ज्येष्ठमध, पण मीठ चोळलेलं.
वर डांबराचा वास.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं,
तुला वाटलं, मी भारावले.
मी छातीवर हात ठेवला, मान डोलावली.
एवढंच केलं गं मी.
त्या एका मानेचं व्याज
दर मार्चला पोस्टाने येत राहिलं.

बाकी सगळं खरं आहे.
तुझा वाळवलेला हॅडॉक, लोणी फासून,
ओतारने आणि मी खिडकीशी उभ्यानेच संपवला,
मांजर दारावर नखं घासत होतं तरी.
राईची कडक बिस्किटं खरी.
निळ्या बेरींचा मुरंबा तर बोटाने पुसून.
वड्या मात्र बरणीत. मग दुसऱ्या बरणीत.
मग लोणच्याच्या मोठ्या बरणीत.
पाहुण्यांपुढे ठेवल्या, पाहुणे कमी झाले.
शेजारच्या बेसोला खोकल्यावर दिली,
खोकला थांबला,
दुसरी मिळेल या भीतीने.

आता तू सांग.
मी चुर्चखेला पाठवते: दोऱ्यात ओवलेले अक्रोड,
द्राक्षाच्या रसात पीठ आटवून त्यात बुडवायचे,
व्हरांड्यात टांगायचे, माश्या हाकत बसायचं.
पहिल्या वर्षी तुझा फोटो आला:
ताटलीत तीन उभ्या, एकीच्या शेंड्याला काजळी.
मेणबत्त्या वाटल्या ना तुला?
तेकलेच्या फोनने तुझं वाक्य असं काढलं,
"फार सुंदर. हळू जळते."
ओतार दोन दिवस हसत होता.
शेवटी इस्पितळात नर्सने विचारलं, कसं वाटतंय,
तर म्हणाला, हळू जळते.
ती औषध बदलायला निघाली होती.

या मार्चला तुझा डबा आला.
मासा होता, लोकरीचे मोजे होते,
वड्या नव्हत्या.
मी तळ चाचपला. चुरगळलेले कागद एकेक उलगडले,
त्यावर तुमच्या गावच्या बोटींच्या वेळा, बाकी काही नाही.
दुकान बंद झालं का तुझं?
दात काढले? विसरलीस?
की कुणी चुगली केली?

त्या रात्री मोठी बरणी उघडली.
एक वडी घेतली. थुंकली नाही.
विरघळेपर्यंत अंधारात बसून राहिले,
खाली रिओनी दगडांवरून बडबडत होती.
आवडली असं नाही म्हणणार.
पण जिभेने तिला जागा करून दिली,
बाकावर सरकावं तशी.

तर सांगायचं होतं ते असं की…
राहू दे. पाठव. थोड्या पाठव.

पोस्टात आहे, उभ्याने लिहितेय.
झुराबने ओतारच्या बुटांचं खोकं काट्यावर ठेवलं:
दोन किलो आणि वर चाळीस ग्रॅम.
काहीतरी काढा, म्हणाला, त्सियाला मावशी,
नाहीतर पुढचा दर लागेल.
आलुच्याची आंबट पोळी काढली, परत ठेवली.
तो म्हणाला, हे कागद काढा की,
नुसतं गुंडाळायला तर आहेत.

म्हटलं, कागद राहतील.
एक चुर्चखेला सोडवली, त्याच्या हातात दिली.
त्याने तिथेच दोरा धरून ओढला, दाताने तोडली
आणि तोंड भरलेलं असताना विचारलं,
आतल्या मालाची किंमत किती लिहू?

आता ही शेवटची ओळ संपवून
हा कागद सर्वांत लांब चुर्चखेलीभोवती गुंडाळते.
तू उलगडशील, सपाट करशील,
वेलबुट्टी छान आहे म्हणशील.
तेकलेला दाखवू नकोस.