खोटं आहे

गुदैबियात दुसऱ्या मजल्यावर सहा खाटा, एक एसी.
शराफत मुकादम सित्राच्या यार्डातून
रद्दीतलं एखादं कोरडं पान उचलून आणतो
आणि जेवण झालं की वाचतो,
इंग्रजी अडखळत, मराठी करत करत.

उंट शिरला कुणाच्या लग्नात, केक खाऊन गेला.
चोरानं दुकान फोडलं, नेलं काय तर लिंबाचं लोणचं.
आणि कोपऱ्यातल्या खाटेवरून नाचणेकर, भिंतीकडे तोंड करून:
"खोटं आहे."

त्याला सगळंच खोटं.
पगार दहा तारखेला? खोटं.
माझ्या पोरीला नव्वद टक्के? तेही.

वर पहाटे पाचला गॅलरीत
पेप्सीचे डबे टाचेखाली चेपतो, ठाड ठाड.
बाटल्यांची लेबलं सोलतो, झाकणं वेगळ्या पिशवीत.
आमटी लागलेली फॉइल कुणी डब्यांत टाकली
तर रात्री बारा वाजता उठवून दाखवतो:
"ही कुणाची?"
किलोमागे मिळतात किती? चहा होईल तेवढे.

आम्ही पाच जणांनी ठरवलं, हा जाऊ दे.
सांगायचं कुणी, एवढंच राहिलं होतं.

त्या गुरुवारी मुकादम वाचत होता:
कुणी इसम दुपारी पुठ्ठ्याच्या कंटेनरमध्ये झोपला,
गाडीनं उचलला, प्रेसपर्यंत नेला,
ऑपरेटरला हात दिसला म्हणून वाचला.
नाव नाही. पळून गेला.
आम्ही हसलो. म्हटलं, आता येईल.

एसी घरघरला.

"खरं आहे," नाचणेकर म्हणाला.
"पुठ्ठ्यात ऊन लागत नाही."

मुकादमनं पान घडी केलं. कुणी काही विचारलं नाही.
गाड्या त्या भागात दोनच आहेत,
एक मी चालवतो.
कुठली होती, हे मीही विचारलं नाही.

आता कंटेनर उचलायच्या आधी
मी पत्र्यावर तीनदा थाप मारतो.
हेल्पर म्हणतो, चाचा, आत कोण बसलंय, पाहुणे?

नाचणेकरला सांगायचं राहूनच गेलं.
फॉइल मी धुऊन टाकतो, निदान आठवेल तेव्हा.

परवा थाप मारली तर आतून मांजर निघालं,
तोंडात अख्खा पापलेट.
रात्री मीच सांगितलं, जरा मोठ्यानं.
पाचही जण कोपऱ्याकडे बघत राहिले.

तो कूस वळला.
"कुठल्या रंगाचं?" म्हणाला.