वजावट

महापेच्या आमच्या कारखान्यात
दर महिन्याच्या सव्वीस तारखेला मी कापायला बसते.
दोनशे बारा माणसं, एक एक्सेल.
भविष्य निर्वाह, विमा, व्यवसाय कर, कॅन्टीनची कुपनं.
कापलेलं कुठं जातं ते चलनावर छापलेलं असतं
आणि मी चलनापर्यंतच जाते.

भालचंद्र मढवी, बॉयलरवर. घणसोली गावातला.
विम्याच्या ओळीत त्याचे दीडशेवर काही रुपये.
तेवढ्यात नेरूळच्या दवाखान्यात मंगळ-गुरू-शनी
सुगंधाबाईंचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत.
'इतक्या पैशात चादरी बी धुवून नाय मिलत, मॅडम.'
तो हसला होता,
आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तो हिशेब मांडून पाहिला :
दीडशे त्याचे, सहा-सातशे मालकाचे,
बाकी सगळे आजारी न पडलेल्यांचे.
रबाळ्याचे, तळोज्याचे, भिवंडीच्या मागांवरचे लोक,
ज्यांना ठाऊकही नाही
की दर मंगळवारी ते सुगंधाबाईंच्या उशाशी असतात.

जुलैत वाढ आली.
वीस हजार सातशेचे एकवीस हजार चारशे.
त्यानं पेढे आणले, माझ्या कीबोर्डवर पिठीसाखर सांडली.
विम्याची मर्यादा एकवीस हजारांची.
मला माहीत होतं.
मी पेढा खाल्ला.

ऑक्टोबरपासून त्याच्या स्लिपवर एक ओळ कमी.
'काय चुकलाय का? पैशे जास्ती आलेत.'
नाही, म्हटलं, आता तुमचं विम्याचं कापणार नाही.
कार्ड जूनपर्यंत चालेल, हेही सांगितलं,
पण बारीक आवाजात,
औषधाच्या पाकिटावर छापतात तसं.
माझ्या टेबलापासून कुणी इतकं खूश होऊन गेलं नव्हतं.

फेब्रुवारीत परत आला. व्यवसाय कर दोनशेचा तीनशे कसा?
वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे असतात, म्हटलं,
म्हणून फेब्रुवारीत शंभर वर.
'सगल्यात ल्हान महिना, आन् त्यालाच जास्ती.'
मग दाराशी थांबून :
'हे शंभर कुनाच्या दवाखान्याला गेलं?'
मी फाइल उघडली, तिच्यात काही नव्हतं.

जून संपला.
पहिल्याच मंगळवारी खिडकीतल्या मुलीनं
नंबर दोनदा टाकून पाहिला.
तिसऱ्यांदा त्याला स्क्रीन वळवून दाखवली.
केशरी कार्डावर नाव नाही, वेगळं झाल्यावर ते भावाकडेच राहिलं.
ट्रस्टच्या हॉस्पिटलात राखीव खाटा भरलेल्या.
त्या नेहमी भरलेल्याच असतात, पण कुणी ते खाली बसून सांगत नाही.
खाजगीत एका वेळचे सोळाशे,
महिन्याला तेरा वेळा.
वीस हजार आठशे.
पगारातले उरले सहाशे.
वाढ सातशेची होती.

जेवणाच्या सुट्टीत आला. डबा हातातच, न उघडलेला.
'मॅडम, माजा पगार कमी करा.'
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
'चारशेच. चारशे कमी करा, मंग मी परत आत.'
कापणं हेच माझं काम. पण मागायला कुणी आलं नव्हतं.

साहेब म्हणाले, असा फॉर्मच नसतो.
वाढीच्या अर्जाचा आहे, बदलीचा आहे,
उद्या युनियन विचारेल, परवा ऑडिट.
लेखी द्यायला सांगा, बघू.
'बघू'चा अर्थ दोघांनाही कळला.

तेव्हा कोऱ्या कागदावर मीच लिहायला घेतलं.
विषय : माझे मासिक वेतन चारशे रुपयांनी कमी करण्याबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून.
इथवर हात सवयीनं गेला.
पुढे कारण लिहायचं असतं.

काय लिहू, मी विचारलं.
तो खिडकीतून बॉयलरच्या धुराड्याकडे बघत होता.
'लिवा,' म्हणाला,
'चूक झाली. पेढं वाटलं.'