शून्य सावली

महापालिकेनं मला जागा दिली कागदावर:
बंद गिरणीचं आवार, पाच एकर सव्वीस गुंठे,
एक चिमणी, एक कोरडा हौद,
आणि शेवटच्या रकान्यात ‘किरकोळ अतिक्रमण’.

किरकोळ अतिक्रमणाचं नाव नरसूबाई येमूल.
कुंपणाला पाठ लावून शेंगाचटणी विकते.
पैसे मोजते तेलुगूत, भांडते मराठीत,
शेजारच्या इरव्वाशी कानडीत हसते.
इरव्वाच्या पुढ्यात कडक भाकऱ्यांची चळत,
पलीकडं रब्बानी बागवान, लिंबांवर पाणी शिंपडत,
थेंब मोजून. पाणी पाचव्या दिवशी येतं.

पहिला आराखडा मी एसीत बसून काढला.
एकशेचाळीस गाळे, दर्शनी बाजूला काच.
सादरीकरणात सगळे छान म्हणाले, बिस्किटं आली.
माझे वडील ह्याच फाटकातून तिसऱ्या पाळीला जायचे,
हे तिथं सांगितलं नाही.

नरसूबाईनं कागद उलटा धरला, मग सुलटा.
“काच लावलालीस व्हय गं?
मे महिन्यात हिच्यामागं बसून तूच चटणी विक.
मी गिऱ्हाईक हुते.”

मग मी खडू घेऊन आले.
सकाळी आठला चिमणीच्या सावलीची कड आखली,
नऊला आखली, दहाला.
तेव्हा दिसलं, बाजार जागेवर नसतोच.
टोपल्या सरकतात, गोणपाट सरकतं, तराजू सरकतो,
कुणी कुणाला सांगत नाही,
सगळे त्या काळ्या पट्ट्यातून सरकत जातात
देवळातल्या रांगेसारखे.
माझ्या गाळ्यांना मात्र मी नंबर दिले होते.

मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो
की सूर्य नेमका डोक्यावर, सावली पायाखाली.
साडेबाराच्या आसपास चिमणीनंही हात वर केले.
मला वाटलं आता उठतील सगळे.
रब्बानीनं दोरी बांधली, कुंपण ते बाभळ,
इरव्वानं जुनी चादर भिजवली, मोराच्या नक्षीची, विरलेली,
दोरीवर टाकली.
वारा तिच्यातून आला आणि माझ्या मानेवर
कुणी हात ठेवल्यासारखं झालं.

त्या रात्री मी काच खोडली.
हौद ठेवला. छपरांचा उतार हौदाकडं केला.
ओळीओळीनं तारा, तारांवर भिजणाऱ्या चादरी,
पाणी तेच, पुन्हा खाली, पुन्हा वर.
चिमणीला बुडाशी चार तोंडं पाडली:
इतकी वर्षं धूर ओकली,
आता बाजारातली धग ओढून घेऊ दे वर.
भाजीचा पाला शेजारच्या टाकीत,
टाकीतला गॅस इरव्वाच्या तव्याखाली.
वरच्या मजल्यावर उत्तरेच्या उजेडात
विड्या वळणाऱ्या बायकांना जागा, पानं भिजवायला मोरी,
सहा माग, आणि रात्री अभ्यासिका,
पत्र्याच्या घरात ज्यांची वही घामानं ओली होते त्यांच्यासाठी.
ओट्याची उंची पुस्तकातून घेतली नाही.
नरसूबाईचा गुडघा मोजला.

अभियंता साहेबांनी चष्मा काढून विचारलं,
“चौरस फुटाला भाडं किती सुटतं?”
मी आकडा सांगितला.
तो काचेच्या आकड्यापेक्षा कमी होता.
त्यांनी तो पेन्सिलीनं लिहिला,
म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं.

फाइल दुसऱ्या मजल्यावर आहे.
नरसूबाई मात्र माझ्या खडूच्या चौकोनात बसते,
पुसला की स्वतः आखते, जरा मोठा.
परवा म्हणाली, “समदं काढलंस,
नातू कुठं झोपायचा?”

निविदेच्या यादीत आता एक ओळ वाढलीय, सिमेंट आणि सळईच्या मधोमध:
लोखंडी कडी, तुळईत बसवणे, भार तीस किलो, नग चाळीस.
साहेबांनी त्यावर बोट ठेवलं, “हे कशासाठी?”
मी म्हटलं, पाळण्यांसाठी.
ते थोडा वेळ गप्प राहिले,
मग म्हणाले, “तीस कमी पडेल. पन्नास लिहा.”